कालव्याकाठचे गणित

कराडच्या विद्यानगर-सैदापूर भागातून वाहणारा कृष्णा कालवा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. तेथील लोक त्याला नुसते 'कॅनॉल' म्हणतात. कराडजवळ खोडशी येथे कृष्णा नदीवर बंधारा आहे. तेथून हा कालवा निघतो. 1860 नंतरच्या दशकात, इंग्रजी अमदानीत तो खोदला गेला. 80 किलोमीटरांहून अधिक अंतर कापून तो सांगली जिल्ह्यातील वाळवा, पलूस, तासगाव या भागांतील शेतांना पाणी देतो.

त्या काळी विजेचे पंप नव्हते. मग नदीचे पाणी काठावरच्या उंच शेतांपर्यंत चढले कसे?

गंमत अशी की, पाणी चढलेच नाही. नदीच खाली उतरत गेली! समजा, नदीचा उतार किलोमीटरला 50 सेंटिमीटर आणि कालव्याचा 20 सेंटिमीटर आहे. दोघांनी 20 किलोमीटर अंतर तोडले की नदी 10 मीटर उतरेल, कालवा मात्र 4 मीटरच. म्हणजे कालवा नदीपेक्षा 6 मीटर उंचावर राहिला. या दोहोंमधल्या जमिनीला पाणी आपोआप, गुरुत्वाकर्षणाने मिळते. म्हणूनच कालवा जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे वळणे घेत जातो. उतार जास्त ठेवला तर वेगाने काठ खचतात. फार कमी ठेवला तर गाळ साचतो.

करून पाहा

कालव्यातून किती पाणी वाहते, हे तुम्हालाही काढता येईल. शिक्षकांना बरोबर घ्या. पाण्यात मात्र मुळीच उतरू नका. कालव्याचे काठ निसरडे असतात आणि पाण्याला ओढ असते.

सरळ भागात काठावर 20 मीटर अंतर मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेच्या थोडे अलीकडे, प्रवाहाच्या मध्यावर वाळकी काटकी टाका. दोन खुणांमधले अंतर कापायला तिला किती सेकंद लागतात ते पाहा. असे तीनदा करून सरासरी घ्या. समजा, 40 सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग झाला सेकंदाला 0.5 मीटर. तळाशी व काठांशी घर्षणामुळे पाणी सावकाश वाहते, म्हणून या वेगाला साधारण 0.85 ने गुणतात.

पाण्याची रुंदी व खोली पाटकऱ्यांना विचारा. रुंदी सरासरी 4 मीटर आणि खोली 1 मीटर धरली, तर

4 × 1 × 0.5 × 0.85 = 1.7 घनमीटर दर सेकंदाला,

म्हणजे 1,700 लिटर, किंवा सुमारे 60 क्युसेक! एवढ्या पाण्याने एक हेक्टर शेतावर साडेसात सेंटिमीटर थर द्यायला साडेसात मिनिटेही लागणार नाहीत.

आता हाच प्रयोग एक किलोमीटर पुढे केला आणि उत्तर 1.6 आले असे समजा. वाटेत कोठेही दार उघडे नाही. मग दिवसभरात किती पाणी नाहीसे झाले? 86,40,000 लिटर! काही जमिनीत मुरून शेजारच्या विहिरींना मिळाले असेल. पण निचरा नसलेल्या जमिनीत असेच पाणी साठत गेले की ती क्षारपड होते. कृष्णाकाठी अशी शेते आहेत. आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याची पाळी येते तेव्हा नेमके हेच पाणी कमी पडते.

तुमच्या गावाजवळच्या पाटावर असे मोजमाप करा. दोन ठिकाणची उत्तरे वेगळी आली, तर फरकाचे पाणी कोठे गेले याचा शोध घ्या.