बोकडापुढे मका किती ओतावा?

प्रश्न : डॉक्टर, माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथल्या एका गोठ्याचा व्हिडिओ त्याने पाठवला. मैलभर गव्हाण, मागे हजारो जनावरं आणि पुढ्यात मक्याचा नुसता खच! शेवटचे चार महिने असंच चारून ती मांसासाठी विकतात म्हणे. माझ्याकडे चौदा बोकड आहेत, बकरी ईदला काढायचे. त्यांनाही शेवटी असाच मका घातला तर? आणि ओळखीच्या तबेल्यातले रेडकू आणून वाढवावेत का?
– एक वाचक, तारापूर

उत्तर : भाच्याने पाठवलेलं खरं आहे, पण व्हिडिओत पहिले तीन आठवडे दिसत नाहीत. तिथे साधारण तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर गोठ्यात येतं आणि चार ते सहा महिने राहतं. रोजचं वजन सव्वा-दीड किलोने वाढतं, आणि वाढीच्या एका किलोसाठी सहा-सात किलो सुकं खाद्य जातं. पण पहिल्या दिवशी त्याच्यापुढे बहुतेक वैरणच असते. धान्य पायरीपायरीने चढवत नेतात. आपल्याकडे नक्कल होते ती शेवटच्या पायरीची.

गाय-बैलांचा विषय आपल्या राज्यात नाहीच. 1976 च्या कायद्याने गोहत्येला बंदी होती, 4 मार्च 2015 पासून बैल आणि वळूही त्यात आले. तेव्हा मांसासाठी जनावर तयार करणं म्हणजे आपल्याकडे बोकड, मेंढा, फार तर रेडा.

आता मक्याकडे येऊ. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एक मोठी आंबवणी चालू असते. पाला-गवत पचवणारे जिवाणू वेगळे, पिठूळ धान्यावर वाढणारे वेगळे. अचानक धान्याचा मारा झाला की दुसरी जमात भसाभस वाढते, लॅक्टिक आम्ल साठतं, पोट आंबतं आणि रवंथ थांबते. मग आम्ल रक्तात उतरतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असताना बोईसरजवळच्या एका पाड्यावरून पहाटे बोलावणं आलं. आदल्या रात्री लग्नातला उरलेला भात पातेलंभर शेळ्यांपुढे ओतलेला. वाया कशाला घालवायचा, हा शुद्ध हेतू. मी पोचलो तेव्हा दोन मेलेल्या होत्या, तिसरी दात खात, डावी कूस फुगवून पडलेली. कुशीवर मूठ दाबली की आत पाण्याची पखाल हलल्यासारखा डुचमळ आवाज यायचा. तोंडाला आंबट वास. खायचा सोडा पाजला, सलाईन लावलं, तरी दुपारपर्यंत तीही गेली. कारखान्यांच्या कॅन्टीनमधला उरलेला भात आणि शिळ्या चपात्या फुकट मिळतात म्हणून टोपल्या भरून नेणाऱ्यांनी हा आवाज एकदा ऐकायला हवा होता.

म्हणून हिशोब सांगतो. पंचवीस किलोच्या बोकडाला दिवसाला सुमारे एक किलो सुकं खाद्य लागतं, ओल्या चाऱ्यातलं पाणी सोडून. त्यात खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं मिश्रण, चाळीस टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. पहिल्या दिवशी 100 ग्रॅम, मग दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवा, म्हणजे तीन आठवड्यांत 400 वर पोचाल. तोही सकाळ-संध्याकाळ विभागून, आणि आधी वैरण, मग खुराक. उपाशी बोकडापुढे भरडा ठेवणं म्हणजे उपाशी पाहुण्याला आधी श्रीखंड वाढणं. एखादा दिवस खुराक चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घालून भरपाई करायची नाही.

खुराकात नुसता मका नको, त्यात प्रथिनं जेमतेम नऊ टक्के. शंभर किलोला मका भरडा 45, शेंगदाणा पेंड 20, तूरचुणी 20, गव्हाचा कोंडा 11, खनिज मिश्रण 2, चुनखडीची भुकटी 1 आणि मीठ 1 किलो असं धरा. प्रथिनं सतरा टक्क्यांच्या आसपास येतील. ही एक किलो चुनखडी कोणी मनावर घेत नाही. धान्यात आणि कोंड्यात स्फुरद जास्त, चुना कमी. त्या असमतोलाने नराला मुतखडा होतो. खच्ची केलेल्या बोकडात धोका अधिक, कारण लहानपणी खच्ची केला की मूत्रनळी बारीक राहते. बोकड पाय ताणून उभा, शेपटी हलवतोय, कण्हतोय आणि थेंब थेंब लघवी, असं दिसलं की बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी मुबलक ठेवा. पाणी कमी पिणाऱ्या बोकडात खडे लवकर धरतात.

वैरणीचं काय? आपल्याकडे भाताचा पेंढा आणि गाठी बांधलेलं गवत. पालघर, डहाणू, वाड्याचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जातं म्हणून त्याला मोठा मान, पण बी धरून वाळल्यावर कापलेल्या गवतात प्रथिनं तीन-चार टक्क्यांवर उरत नाहीत. पोट भरतं, अंग भरत नाही. जोडीला शेवरी, सुबाभूळ किंवा वालाचा पाला द्या. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, जास्त झाला तर केस गळतात. तिवराचा पाला बोकड मिटक्या मारत खातो, पण कांदळवनाला कोयता लावणं गुन्हा आहे. आणि कारखान्यांच्या नाल्याकाठचं हिरवंगार गवत कितीही लुसलुशीत दिसो, ते आणू नका.

किनाऱ्याच्या दमट हवेत पेंड आणि मका लवकर बुरसतात. मूठभर हातात घेऊन वास घ्या. कोंदट आला, निळसर-हिरवी झाक दिसली, तर पोतं टाकून द्या. उन्हात वाळवल्याने बुरशी मरेल, तिचं विष जात नाही.

ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. 2023 मध्ये 29 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. येत्या ईदच्या तारखेवरून अडीच महिने मागे मोजा आणि तिथे जंताचं औषध द्या. आंत्रविषाराची लस धान्य चढवायच्या दोन-तीन आठवडे आधी झालेली हवी, कारण तो रोग भरपूर खाणाऱ्या, धष्टपुष्ट जनावरालाच गाठतो. चौदातले चार बोकड ठरवून घ्या आणि सकाळी उपाशीपोटी तेच दर पंधरवड्याला काट्यावर घ्या. दिवसाला 80 ग्रॅम वाढ मिळाली तर पंचाहत्तर दिवसांत सहा किलो, आणि त्यासाठी खुराक साधारण सव्वीस-सत्तावीस किलो. तुमच्या गावातल्या दराने या दोन्हींचा गुणाकार आधी करा. वाढ मंदावली की खुराक वाढवू नका, विकायचं बघा. बोकड चरबी कातडीखाली कमी आणि गुरद्याभोवती, आतड्यांवर जास्त साठवतो, म्हणजे तुम्ही पेंडीचे पैसे घातलेत ते गिऱ्हाइकाला दिसतही नाहीत. जाणता गिऱ्हाईक पोट बघत नाही. आधी ओठ उचलून दात बघतो, वर्ष पूर्ण झालंय ना म्हणून, आणि मग कमरेवर चिमूट धरतो.

रेडकांबद्दल. तबेल्यात नर पारडाला दूध पाजणं परवडत नाही, म्हणून ती उपासमारीनेच जातात. ती वाचवून वाढवावीत यासाठी केंद्र सरकारची योजनाही होती. रेडा भरड वैरणीवर बोकडापेक्षा चांगला तगतो. पेंढ्याला युरियाची प्रक्रिया केली तर आणखी बरं : 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा, थरावर थर दाबून तीन आठवडे हवाबंद झाकायचा. काढल्यावर वास उडेपर्यंत पसरून ठेवा, सहा महिन्यांखालच्या पारडाला देऊ नका आणि युरियाचं पोतं जनावरांच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. पण रेडकू विक्रीजोगं व्हायला दीड-दोन वर्षं जातात आणि कत्तलीसाठी सरकारी दाखलाही लागतो. चौदा बोकड सांभाळणाऱ्याने पहिल्या वर्षी यात पडू नये, असं माझं मत.

बोकड विकायला देवनारच्या बाजारात नेणार असाल तर गाडी भरायच्या दिवशी खुराक बंद, फक्त वाळलं गवत आणि पाणी. भरल्या पोटी उन्हात तीन-चार तास हेलकावे खाल्ले की बोकड फुगतो. उतरवल्यावर आधी सावली, मग थोडं थोडं पाणी, आणि तासाभराने गवताची पेंडी सोडा.