गावठाणात मोठ्या गाड्यांना मनाई करता येते का?

प्रश्न : शिरवणे गावठाणाच्या चिंचोळ्या गल्ल्यांत भल्यामोठ्या एसयूव्ही घुसतात. मुलांना बाहेर सोडायची भीती वाटते. बंदी येईल का?

उत्तर : सरसकट नाही, पण ठरावीक रस्त्यापुरती येऊ शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तशी तरतूद आहे. रहिवाशांच्या सह्यांचे निवेदन वाहतूक पोलिसांना द्या. तुमची भीती रास्तच आहे. उंच बॉनेटची धडक मोठ्या माणसाच्या पोटा-छातीला, लहान मुलाच्या थेट डोक्याला बसते. शिवाय बॉनेटला खेटून उभे असलेले मूल चालकाला दिसतच नाही. पुढे लोखंडी बुलबार लावलेल्या गाड्यांची तक्रार मात्र आजच करा. त्यांच्यावर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे.