घारापुरी : एका बेटाच्या स्वशासनाचा पाठ

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग म्हणजे बेट, ही व्याख्या आपण सर्वांनीच शालेय जीवनात पाठ केलेली आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांना पुन्हा त्याच व्याख्येकडे नेत आहोत. कारण आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यासमोर असे एक बेट आहे, की ज्याच्या अभ्यासात भूगोल आणि नागरिकशास्त्र एकत्र येतात. हे बेट म्हणजे उरण तालुक्यातील घारापुरी. जग त्याला एलिफंटा म्हणून ओळखते.

स्वशासित बेट म्हटले की अनेकांना मुरूडसमोरचा जंजिरा आठवेल. तेथे सिद्दींची सत्ता होती आणि ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. जंजिऱ्याचे स्वशासन राज्यकर्त्यांचे होते. घारापुरीचे स्वशासन मतदारांचे आहे. म्हणून आम्ही घारापुरीची निवड केली.

स्थान व निसर्ग

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून हे बेट सुमारे १० किलोमीटर अंतरावर असून लाँचने तासाभरात पोहोचता येते. बेटावर दोन डोंगर आणि त्यांच्यामध्ये खोलगट भाग आहे. खडक दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. कडेला चिखलाची खाजणे व खारफुटी. वर आंबा, चिंच व ताड यांची झाडी. भरती-ओहोटीनुसार किनाऱ्याची रुंदी बदलत राहते. पावसाळ्यात मुबलक पाणी कोसळते. परंतु ते साठविणे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरविणे हा बेटावरील जीवनाचा कायमचा प्रश्न आहे.

पश्चिमेकडील डोंगरात सहाव्या शतकाच्या सुमाराची भव्य शैव लेणी आहेत. १९८७ साली त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. पूर्वेकडील डोंगरावर मात्र बौद्ध लेण्यांचे आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत. आपल्या वाचकांनी तरी तो दुसरा डोंगर विसरू नये, अशी आमची अपेक्षा आहे. राजबंदराजवळ असलेल्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे.

लोक

राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्यांत मिळून हजार-बाराशे माणसे राहतात. ती प्रामुख्याने आगरी व कोळी समाजांतील आहेत. भातशेती आणि मासेमारी हे त्यांचे पूर्वापार व्यवसाय. उरण परिसराशी त्यांचे सोयरसंबंध आहेत. महाविद्यालय, मोठे रुग्णालय, तहसील कचेरी यांसाठी मात्र त्यांना पाणी ओलांडावेच लागते. घर सोडून शिकण्याचा अनुभव ज्यांनी आपल्या वसतिगृहात घेतला आहे, त्यांना तेथील मुलांचे मन समजावून सांगण्याची गरज नाही.

कारभार

बेटाची स्वतःची ग्रामपंचायत आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अशा पंचायतींना संविधानाचा आधार दिला. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. गावच्या यादीतील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी वेगळी निवडणूक लागत नाही.

तथापि या स्वशासनाला मर्यादा आहेत. लेण्यांचे जतन आणि प्रवेशशुल्क पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी आवश्यक असते. समुद्र, बंदर, वने यांची खातीही निरनिराळी. पंचायत पर्यटकांकडून अल्पसा कर घेते. परंतु गावात येणाऱ्या गर्दीचा भार आणि त्या गर्दीतून मिळणारे उत्पन्न यांचा मेळ बसविणे तिला सोपे नाही.

उपजीविका

आज बेटाचा मुख्य आधार पर्यटन आहे. धक्क्यापासून लेण्यांपर्यंत चढणाऱ्या पायऱ्यांच्या दुतर्फा दुकाने आहेत. स्त्रिया काकडी, कैरी, चिंचा विकतात. तरुण वाटाड्याचे काम करतात. काही जण लाँचवर नोकरी करतात. सोमवारी लेणी बंद, त्या दिवशी विक्रीही बंद. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच थांबते आणि घरातील आवकही थांबते. शेजारी न्हावा-शेवा येथे मोठे बंदर उभे राहिल्यापासून खाडीवर अवलंबून असलेली मासेमारी अधिकच कठीण झाली. एकाच उत्पन्नावर सारे गाव अवलंबून असणे धोक्याचे असते, हा या अर्थव्यवस्थेचा धडा आहे.

विजेची कथाही उद्बोधक आहे. समोर मुंबईचे दिवे रात्रभर लखलखत असताना बेटावर जनरेटरच्या साहाय्याने संध्याकाळचे मोजके तास उजेड असे. समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकली गेली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये घारापुरीत नियमित वीज आली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर ७० वर्षांनी. हे काम एकटी पंचायत करू शकली नसती. आपण काय करावयाचे आणि शासनाकडे हक्काने काय मागावयाचे, हे दोन्ही ओळखणे म्हणजे स्वशासन.

ठरावानंतर काय?

आपल्याच जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ प्राप्त झाला. पुढे संविधान सभेत त्यांनी खेड्याचे गोडवे गाण्यास विरोध केला, तोही याच अनुभवातून. सत्ता गावाकडे आली म्हणजे ती गावातील प्रत्येकाकडे पोहोचतेच असे नाही. ती पोहोचावी यासाठी सभेला जावे लागते, प्रश्न विचारावा लागतो आणि झालेल्या ठरावाचा पाठपुरावा करावा लागतो.

घारापुरीला पाण्याची सीमा आहे, म्हणून तेथील परावलंबन आणि स्वावलंबन दोन्ही स्पष्ट दिसतात. आपल्या गावांना अशी सीमा नाही, म्हणून ते आपल्या नजरेआड राहते, एवढाच फरक.

स्वाध्याय

१. आपल्या गावच्या मागील ग्रामसभेत, किंवा शहरात राहत असल्यास प्रभागात, कोणता ठराव झाला?

२. त्यापैकी काय पूर्ण झाले?

३. त्या सभेला आपण उपस्थित होता का?

या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माजी विद्यार्थ्यांनी आपल्या मुलांसमोर द्यावे, ही आमची विनंती.