निळ्या रंगातल्या बाया

मीरा-भाईंदरहून ठाणे काही लांब नाही. तिथे १८७९ साली बांधलेले यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. या लोकांना बेने इस्राएल म्हणतात. कोकणात ते पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनवारी मात्र घाणा बंद! म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची बोली मराठी. आडनावेही पेणकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली.

१९४८ साली इस्राएल देश झाला. मग हळूहळू पुष्कळ घरे तिकडे गेली. इथे थोडीच उरली. माणसे गेली, तर त्यांची आठवण कोण राखणार?

याच समाजात १९६० साली मुंबईत सिओना बेंजामिन यांचा जन्म झाला. त्या चित्रकार झाल्या. पुढे अमेरिकेत राहू लागल्या. यहुदी धर्मग्रंथातल्या बाया त्या रंगवतात. पण त्या बायांचे अंग कसे? निळे! आपण कृष्ण रंगवतो ना, तसे. जुन्या भारतीय लघुचित्रांची रीतही त्यांनी उचलली. कथा यहुदी, रंग इथला. पाहणारा थबकतो न् विचारतो, "भारतात यहुदी होते?" एका चित्रामुळे समाजाची ओळख सातासमुद्रापार जाते.

चित्र काढणे सर्वांना जमत नाही. पण आपण आता लिहायला शिकलो. आपल्या गावात पूर्वी कोण कोण राहत होते? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारू या, आणि ऐकलेले लिहून ठेवू या.