दहावे उदाहरण

माझी मोठी बहीण परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. घरात आम्ही सारे तिला आपा म्हणतो. ती वसतिगृहात राहते. सुट्टी मिळाली की घरी येते.

एका शनिवारी आपा घरी आली, पण तिचा चेहरा उतरला होता. अम्मीने विचारले, "काय झाले, बेटी?"

"औषधांच्या हिशेबाची परीक्षा होती. दहापैकी नऊ उदाहरणे बरोबर आली."

मी हसून म्हणालो, "मग वाईट कशाला वाटून घेतेस? शंभरात नव्वद गुण झाले की!"

"मलाही तसेच वाटले होते," आपा म्हणाली. "पण आमच्या बाई म्हणाल्या, 'इथे प्रत्येक उदाहरण म्हणजे एक रुग्ण आहे. हा दहावा रुग्ण कोणाचा तरी बाप असेल, कोणाची तरी मुलगी असेल. त्याच्या घरच्यांना तू नव्वद गुण दाखवशील का?'"

आम्ही गप्प झालो. थोड्या वेळाने मी विचारले, "चूक कोणती होती?"

"हिशेब बरोबर होता, लिहिणे चुकले. मात्रा अर्धा मिलिग्रॅम होती. मी ती '.५' अशी लिहिली. टिंब पुसट होते. शेजारच्या मुलीने ते पाच वाचले. म्हणजे दहापट औषध! म्हणून टिंबाच्या आधी शून्य लिहायचेच : ०.५. आणि पूर्ण अंकापुढे टिंब व शून्य लिहायचे नाही. ५.० लिहिले तर कोणी पन्नास वाचेल."

त्याच रात्री भाईजानच्या एक वर्षाच्या मुलाला ताप आला. मागच्या आठवड्यातही तो तापला होता. तेव्हा डॉक्टरांनी त्याचे वजन केले. ते १० किलो भरले. वजनाप्रमाणे त्यांनी पॅरासिटामॉलची एका वेळची मात्रा १५० मिलिग्रॅम ठरवून चिठ्ठीवर लिहिली. त्या बाटलीतले ६ मिलिलिटर औषध भाभी देत असे. ती बाटली संपली होती. भाईजान दुकानातून नवी घेऊन आला. भाभीने पुन्हा ६ मिलिलिटर माप भरले.

"भाभी, थांबा!" आपा म्हणाली. तिने दोन्ही बाटल्या दिव्याखाली धरल्या. औषध एकच होते. पण जुन्या बाटलीवर लिहिले होते, '५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम' आणि नवीवर, '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम'.

आपाने मला कागद दिला. "तूही हिशेब कर. माझा कागद पाहू नकोस. जोखमीचे औषध असले की दवाखान्यात दोन परिचारिका असाच वेगवेगळा हिशेब करतात. जेवढे औषध हवे, त्याला बाटलीवरच्या मात्रेने भाग आणि ५ ने गुण."

मी लिहिले : १५० ÷ २५० × ५ = ३.

आपाचेही उत्तर तेच आले, ३ मिलिलिटर. ६ मिलिलिटर दिले असते, तर बाळाच्या पोटात दुप्पट औषध गेले असते. वारंवार जास्त मात्रा गेली, तर हे औषध यकृताला इजा करते. तरीही आपाने लगेच औषध दिले नाही. आधी तिने डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेतली. मग बाटलीबरोबर आलेल्या मापानेच औषध दिले. घरातला चमचा तिने बाजूला ठेवला. "चमचे लहानमोठे असतात," ती म्हणाली.

मग ती बोटांवर मोजू लागली, "योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग. या पाच गोष्टी पाहिल्याशिवाय परिचारिकेने औषध द्यायचे नाही."

पहाटे बाळाचा ताप उतरला. भाभीने आपाचा हात हातात घेतला, पण ती काही बोलली नाही.

मी माझी गणिताची वही उघडली. पानावर नऊ बरोबर होते आणि एक चूक. ते दहावे उदाहरण मी पुन्हा सोडवायला घेतले.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स. मात्रा – एका वेळी द्यायचे औषधाचे प्रमाण. पुसट – अस्पष्ट. जोखमीचे – धोक्याचे. यकृत – जिगर. इजा – दुखापत, नुकसान. खात्री करणे – पक्के माहीत करून घेणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आपाची किती उदाहरणे बरोबर आली?
(आ) आपाने घरातला चमचा बाजूला का ठेवला?

२. कारणे द्या.
(अ) '.५' असे लिहिणे धोक्याचे असते.
(आ) आपाने भाभीला थांबवले.

३. वाक्यात उपयोग करा : चेहरा उतरणे, खात्री करणे.

४. सोडवा : एका मुलाला डॉक्टरांनी २०० मिलिग्रॅम औषध सांगितले आहे. बाटलीवर '५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम' असे लिहिले आहे. किती मिलिलिटर औषध द्यावे? तुमचे उत्तर मित्राच्या उत्तराशी ताडून पाहा.