मनगटावरचा मेसेज आणि मोटार वाहन कायदा

प्रश्न : वाढदिवसाला मुलाने स्मार्ट घड्याळ घेऊन दिले. स्कूटर चालवताना फोन मी डिकीतच ठेवते, पण मेसेज आला की मनगटावर थरथर होते आणि नजर जातेच. परवा सिग्नलला उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने 'मॅडम, तेही चालत नाही' असे बजावले, चलन मात्र केले नाही. मुलगा म्हणतो, घड्याळ हातात धरत नाहीत, घालतात, त्यामुळे कायदा लागूच होत नाही. खरे कोणाचे? आणि हँडलला फोन लावून नकाशा बघत जाणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलांना कोणी हटकत कसे नाही? जाता जाता एक शंका, लायसन्स फोनमध्ये दाखवले तर चालते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चिरंजीवांनी वकिली करायला हरकत नाही. मुद्दा अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात मात्र ते अडकतील.

आपला मोटार वाहन कायदा १९८८ चा, म्हणजे मोबाइल भारतात येण्याच्याही आधीचा. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला पोलिस पूर्वीही पकडत, पण कायद्यात त्याचा स्पष्ट उल्लेख आला तो २०१९ च्या दुरुस्तीने. १ सप्टेंबर २०१९ पासून 'धोकादायक रीतीने वाहन चालवणे' या कलम १८४ ला एक यादी जोडली गेली. लाल दिवा तोडणे, उलट दिशेने गाडी घालणे, नियम मोडून ओव्हरटेक करणे आणि त्याच ओळीत, वाहन चालवताना हातात धरायचे संपर्क साधन वापरणे. घड्याळाचे नाव तिथे नाही. तसे पाहिले तर मोबाइलचेही नाही. चिरंजीव ज्या फटीतून निसटू पाहताहेत, ती ही.

पण यादी तिथे संपत नाही. तिच्या शेवटी एक सर्वसमावेशक कलम आहे. जाणत्या, सावध चालकाकडून जी अपेक्षा असते तिच्यापेक्षा फारच खालच्या दर्जाने, आणि धोका उघड दिसत असताना वाहन चालवणे, हेही धोकादायक चालवणेच. मनगटाकडे बघताना तुमची स्कूटर शेजारच्या रिक्षाच्या अंगावर गेली, तर घड्याळ 'धरले' होते की 'घातले' होते याचा कीस पाडायची पोलिसांना गरज उरत नाही. नुसती नजर टाकली आणि स्कूटर सरळ चालली, तर गुन्हा सिद्ध करणे कठीण. तुमच्या पोलिसाने समज देऊन सोडले, ते बहुधा हे हिशेबात धरूनच.

हाच वाद कॅनडात कोर्टापर्यंत गेला होता. ओंटारिओ प्रांतातल्या ग्वेल्फ शहरात एक तरुणी लाल दिव्याला मोटार थांबवून मनगटावरच्या अ‍ॅपल वॉचकडे बघत होती. दिवा हिरवा झाला, पुढच्या गाड्या निघून गेल्या, ही जागची हलेना. शेवटी पोलिसाने तिच्या गाडीवर झोत टाकला तेव्हा ती भानावर आली. आपण फक्त किती वाजले ते बघत होतो, असा तिचा बचाव. २०१८ मध्ये न्यायाधिकाऱ्याने तो फेटाळला. फोन मनगटाला चिकटवून बांधला तर लक्ष जेवढे उडेल तेवढे या घड्याळानेही उडते, असा त्याच्या निकालाचा रोख होता. दंड ४०० डॉलर. तिथल्या कायद्यात असे साधन नुसते 'धरणे'च नव्हे, तर 'वापरणे'ही निषिद्ध आहे. अमेरिकेत सॅन दिएगोला उलटे घडले. २०१३ मध्ये गूगल ग्लास हा संगणकी चष्मा घालून मोटार चालवणाऱ्या बाईंना पावती मिळाली, पण चष्मा त्या क्षणी चालू होता याचा पुरावा नाही म्हणून पुढच्या वर्षी सुटका झाली.

आता डिलिव्हरीची मुले. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. गाडी चालवताना असे साधन वापरता येईल ते फक्त रस्ता शोधण्यासाठी, आणि तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. मला यातली दुसरी अट पहिलीपेक्षा मोलाची वाटते, कारण तिचा संबंध हाताशी नसून लक्षाशी आहे. हँडलला लावलेला फोन 'हातात' नसतो, तरी त्याच्यासाठी सवलत लिहावी लागली, म्हणजे नियम करणाऱ्यांच्या मते स्टँडला लावल्याने फोन काही कायद्याबाहेर जात नाही. नकाशा बघणे चालेल. पण डिलिव्हरीच्या त्याच पडद्यावर नवी ऑर्डर येते, काही सेकंदांत 'स्वीकारा' दाबायचे असते, नाही दाबले तर ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. तो अंगठा नकाशाच्या सवलतीत बसत नाही. तिथे दंड मुलाला होतो, घाई लावणाऱ्या अ‍ॅपला नाही, हे मला पटत नाही. असो, तो वेगळा विषय.

शिक्षेचे पाहू. कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे तडजोड शुल्क भरून मिटतात, आणि ती रक्कम राज्य ठरवते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये दर वाढवले तेव्हा गाडी चालवताना मोबाइल वापरल्याबद्दल दुचाकीला एक हजार, चारचाकीला दोन हजार आणि इतर वाहनांना चार हजार रुपये ठरले. पैसे भरले की संपले असे मात्र नाही. या कलमाखाली पोलिस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात, आणि ते निलंबित करण्याच्या कारणांत वाहन चालवताना मोबाइल वापरणे हे कारण केंद्रीय नियमांत नोंदलेले आहे.

चौकात पोलिस नसला तरी कॅमेरा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियमानुसार कॅमेऱ्याच्या चित्रणावरून चलन करता येते, आणि त्याची सूचना घटनेपासून पंधरा दिवसांत वाहनमालकाला जायला हवी. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून बसवलेली यंत्रणा ज्या सतरा प्रकारच्या उल्लंघनांवर डोळा ठेवते, त्यांत मोबाइलचा वापर आहे. कानाला लावलेला हात कॅमेऱ्याला दिसतो. मनगटाकडे वळलेली बुबुळे अजून तरी दिसत नाहीत.

प्रवाशांचा कॅमेरा याहून तेज निघाला. मार्च २०२५ मध्ये दादरहून स्वारगेटला येणाऱ्या ई-शिवनेरीचा चालक गाडी चालवताना मोबाइलवर क्रिकेटचा सामना बघत होता. एका प्रवाशाने ते चित्रित करून थेट परिवहन मंत्र्यांना कळवले आणि चालकाची नोकरी गेली.

'बोलणे गुन्हा नाही, हायकोर्टाने सांगितले आहे' असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतो, म्हणून त्याबद्दल दोन ओळी. केरळ उच्च न्यायालयाचा तो निकाल मे २०१८ चा. प्रश्न केरळ पोलिस कायद्यातल्या एका कलमाचा होता. लोकांच्या जिवाला धोका झाला नसेल तर नुसत्या फोनवर बोलण्याला ते कलम लागत नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. त्यानंतर पुढच्याच वर्षी केंद्राची दुरुस्ती आली. महाराष्ट्रात तो निकाल खिशात घेऊन पोलिसाशी हुज्जत घालू नये.

कानातल्या ब्लूटूथचे तुम्ही विचारले नाहीत, पण ओघाने येतेच. कलम १८४ च्या यादीत इयरफोनचा उल्लेख नाही. फोन खिशात आणि आवाज कानात असेल, तर 'हातात धरायचे साधन' या खाली तुम्ही सहसा येत नाही. पण हात मोकळे म्हणजे डोके मोकळे, ही समजूत चुकीची आहे. युटा विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वाहनसुरक्षा प्रतिष्ठानासाठी २०१५ मध्ये केलेल्या अभ्यासात, बोलून चालवायच्या यंत्रणेला सूचना देऊन झाल्यावरही चालकाचे लक्ष पूर्ववत व्हायला कधी कधी सत्तावीस सेकंद लागल्याचे दिसले.

स्कूटरवर तर नुसत्या लक्षाचा प्रश्न नसतो. घड्याळ बहुधा डाव्या मनगटावर. ते बघायला मनगट वळवले की डाव्या ब्रेकवरची बोटे सुटतात, आणि हल्लीच्या बहुतेक स्कूटरना असलेला, दोन्ही चाके एकदम धरणारा कॉम्बी ब्रेक त्याच हाताला असतो. ताशी चाळीसच्या वेगाने स्कूटर सेकंदाला अकरा मीटर जाते. दोन सेकंदांच्या मेसेजात बावीस मीटर रस्ता तुम्ही अर्ध्या ब्रेकने आणि खाली मान घालून कापता. केंद्राच्या अहवालात २०२१ साली मोबाइल वापरामुळे झालेले १,९९७ अपघात आणि १,०४० मृत्यू नोंदले आहेत. मला हा आकडा फार कमी वाटतो. अपघातानंतर पंचनाम्यात 'मी फोन बघत होतो' असे सांगणारा भेटायला हवा ना!

तेव्हा खरे कोणाचे? कलमाच्या शब्दांपुरते चिरंजीवांचे, रस्त्यावर त्या पोलिसाचे. चिरंजीवांनाच सांगा की निघण्यापूर्वी घड्याळाचे 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करून द्यायचे. बहुतेक घड्याळांत ते असते. फारच महत्त्वाचा फोन यायचा असेल तर स्कूटर कडेला घ्या, स्टँडवर लावा आणि मग बघा. लाल दिव्याला उभे असताना बघायलाही कायद्यात सवलत दिलेली नाही.

शेवटची शंका सोपी. लायसन्स फोनमध्ये चालते. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलेले लायसन्स आणि आरसी ग्राह्य धरले जाते. गॅलरीत ठेवलेला मूळ कार्डाचा फोटो मात्र चालत नाही. आणि तुमचा फोन डिकीत असतो, तेव्हा पोलिसाने मागितले की आधी इंजिन बंद करून उतरा, मगच डिकी उघडा.