आधी रेघ, मग बादली

अगं, वाडीत पाणी शिरल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हाच म्हटलं, ही आता धावत जाणार आणि मोटरचं बटण दाबणार. दाबू नकोस. आधी माझं ऐक.

ही चूक मी करून बसले आहे. 22 जुलै 2021 ला महाडात सावित्री नदी घरात शिरली, आठवतं ना? पुढे वीज आली त्या दिवशी मी काही न बघता परसातली मोटर लावली. एकदा गुरगुरली, जळका वास आला, वाइंडिंग गेलं. नुसती उघडून वाळवली असती तरी कदाचित वाचली असती.

आणि माझ्याकडे निदान गोडं पाणी होतं गं. तीच सावित्री तुझ्या हरिहरेश्वरापाशी समुद्राला मिळते. उधाणाला वाडीत घुसतं ते खारं. खाऱ्या पाण्याचं मीठ आत राहिलं की मोटर वरून कोरडी दिसते, पण आत ओल धरून बसते. बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेव. पहिल्यांदा मेन स्विच बंद. मग पंपघराच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथे कोळशाने रेघ मार. ती रेघ आणि यंत्र एका फोटोत येऊ दे. नेमप्लेटचा फोटो वेगळा, नंबर वाचता येईल असा. एवढं झालं की लगेच गोड्या पाण्याची बादली. मीठ धुवायला उशीर नको. मोटर, स्टार्टर मेकॅनिककडून उघडून वाळव, आणि मेगर लावून इन्सुलेशन तपासल्याशिवाय वीज जोडू नको.

पॉवर टिलरचीही ऑइलपट्टी काढून बघ. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. मग हँडल मारायचं नाही. ऑइल, डिझेल, एअर फिल्टर सगळं काढायला लाव.

आता नुकसानीचा आकडा. नव्या पंपाची किंमत सांगून मोकळी होऊ नकोस, कुणी मानणार नाही. समज, पंप 30,000 चा, दहा वर्षं चालणारा, सहा वर्षं वापरलेला. म्हणजे आज तो 12,000 चा. दुरुस्तीचं कोटेशन 7,000 आलं तर नुकसान 7,000. कोटेशन 14,000 आलं तर दुरुस्ती परवडत नाही. मग 12,000 तून भंगाराचे 1,500 वजा कर, 10,500 लिही. तोवर टिलर भाड्याने आणावा लागला तर ते पैसे वेगळ्या ओळीत मांड, पावतीसकट.

आणि बाई, पीकविमा पिकाचा असतो, पंपाचा नाही. पिकाची खबर मुदतीत द्यायची ती दे, पण टिलर कर्जावर घेतलाय ना, तर बँकेत जाऊन पॉलिसी आहे का आणि पुराचं पाणी त्यात धरलंय का, हे विचार. मोडलेला भाग विमावाल्याने बघेपर्यंत भंगारात घालू नकोस.

तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला आले की पंप, टिलर, फवारणी पंप एकेक करून लिहायला सांग. निसर्ग वादळाच्या वेळी, 3 जून 2020 ला, तू पडलेल्या पोफळी नि माड बोटावर मोजून सांगितलेस. पोफळीखाली चेपलेला पंप मात्र सांगायचाच राहिला. नुकसानभरपाईत यंत्रं बसतील न बसतील, कागदावर असलेली बरी. पंचनाम्याची प्रत मागून घे.

सगळं निस्तरलं की भिंत रंगवशील, तेव्हा एक कर. कोळशाची रेघ पुसू नको. मोटरचा ओटा त्या रेघेच्या हातभर वर बांध. मी माझा बांधलाय.